मुकट्याची पिशवी

फुगा रिकामा व्हायला हवा होता आणि झाला नव्हता. घडलं होतं ते एवढंच. पण नव्या रायपुरातल्या त्या इस्पितळाच्या डे-वॉर्डात तीन माणसं त्याच्याकडे अशी बघत होती, जशी पंगतीत न बोलावता येऊन बसलेल्या पाहुण्याकडे बघतात.

रुचिता नर्सनं बाटली खिडकीच्या उजेडात धरली. लहानशा तांब्याएवढी पारदर्शक बाटली, तिच्यात रबरी फुगा, फुग्यात औषध. बाटलीतून निघालेली बारीक नळी सुनीतीच्या गळ्याच्या हाडाखाली, चामडीच्या आत बसवलेल्या डबीत सुईवाटे जायची. फुगा आपोआप आक्रसत जायचा आणि औषध थेंबाथेंबानं आत ढकलायचा. बॅटरी नाही, वायर नाही, आवाज नाही. आतड्याच्या कॅन्सरचं हे औषध दोन दिवस सुनीती घरी नेसलेल्या लुगड्यावर वागवायची आणि तिसऱ्या दिवशी इथे काढायला यायची.

"मावशी, तिसरा हिस्सा बाकी आहे अजून," रुचिता म्हणाली. ती गोंदियाकडची पोट्टी, वॉर्डातल्या मराठी बायांना मावशीच म्हणायची.

"मागच्या वेळेसही असंच झालं," सुनीतीचा मुलगा भार्गव म्हणाला. "डॉक्टर साहब, ये भरोसे की चीज नहीं है."

डॉक्टर निरंजन शांत माणूस. त्यांनी बाटली हातात घेऊन पाहिली आणि सुनीतीच्या समोर स्टूल ओढून बसले. "सुनीतीताई, हे औषध ठरल्या वेळातच जायला पाहिजे. रेंगाळत गेलं तर त्याचा जोर राहत नाही. दिवाळीपर्यंत तुमचं बरोबर चाललं होतं, आता का अडतंय ते कळत नाही. मी जोखीम घेणार नाही. पुढच्या वेळेपासून दोन रात्री वॉर्डात राहा. मशीन लावू."

मशीन म्हणजे स्टँडवर टांगलेला, हिरवे आकडे दाखवणारा इलेक्ट्रॉनिक पंप. घरी न्यायची लहान मशीनही असते म्हणतात, पण या इस्पितळात ती अजून आली नव्हती. इथल्या मशीनला स्टँड होता, आणि स्टँडला वॉर्ड.

सुनीतीनं पदर सारखा केला. तिचा आवाज असा की स्वयंपाकघरात बोलली तर पुढच्या खोलीत ऐकू जाऊ नये. त्याच आवाजात ती म्हणाली, "नाही."

"काय म्हणालात?"

"राहणार नाही म्हणाले. मले फुगाच पाहिजे."

"आई!" भार्गव ओरडला.

"ओरडू नको. शेजारी बाई झोपली आहे."

मग तिनं डॉक्टरांना कारण सांगितलं. श्रावणात तिनं महादेवाला बेलाची लाखोली धरली होती. रोज सकाळी सोवळ्यात बसून टोपलीभर बेलाची पानं, एकेक करून, नाव घेत वाहायची, मग आपल्या हातानं नैवेद्य करायचा, मग अन्न. महाशिवरात्रीला सांगता. मध्ये एक दिवस जरी खंड पडला, तरी पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात. आजार नंतर कळला, लाखोली आधीची होती. त्यामुळे इस्पितळात यायच्या दिवशीसुद्धा ती अंधारात उठून पूजा आटोपूनच निघायची.

"पुढच्या वर्षी करा ना," डॉक्टर म्हणाले.

सुनीती त्यांच्याकडे बघत राहिली. पुढचं वर्ष कुणाच्या हातात आहे, हे त्या दोघांपैकी डॉक्टरांनाच जास्त ठाऊक होतं. त्यांनीच नजर खाली घेतली.

"एकदा," ते म्हणाले. "आणखी एकदा फुगा देतो. वेळेवर उतरला तर ठीक. नाही उतरला, तर मशीन आणि वॉर्ड. मग तुम्ही नाही म्हणायचं नाही."

"बरं," सुनीती म्हणाली.

परतीच्या वाटेवर भार्गवचं डोकं गरमच होतं. रुंद रिकाम्या रस्त्यावर गाडी पळत होती आणि तो बोलत होता. तो सिलतऱ्याच्या एका स्पंज आयर्नच्या, म्हणजे लोखंडाच्या, कारखान्यात कंट्रोल रूममध्ये होता. दिवसभर आकडे आणि लाल-हिरवे दिवे बघणं हाच त्याचा धंदा.

"आमच्याकडे एक पाइप असा नाही ज्यावर गेज नाही. प्रेशर वाढला, अलार्म. घटला, अलार्म. और तू एक गुब्बारा लटकाके घूम रही है. अडला तर सांगेल का तो? मरून जाईल पण बोलणार नाही."

"मशीन पाहिली आहे मी बाबा. दर वेळेस पहिलं औषध त्या खुर्चीत बसवून तिच्यातूनच देतात. नळी जराशी दुमडली की टीं टीं. हवेचा बुडबुडा आला की टीं टीं. बॅटरी उतरली की टीं टीं. शेजारणीची वाजली तरी मी दचकते."

"वाजते म्हणूनच तर समजते!"

"ते खरं आहे," सुनीती म्हणाली. तिला खोटं बोलता येत नसे, भांडणातही नाही. फुग्याचं मुकेपण तिलाही आता टोचू लागलं होतं. "पण एक पाहून ठेवलं आहे मी. ती वाजली की सगळे तिच्याकडे धावतात. बटनं दाबतात, आकडे वाचतात, निघून जातात. खुर्चीत बाई बसली आहे हे कोणी पाहतच नाही."

"मग काय फुग्याकडे पाहतात?"

"फुग्याकडे मीच पाहते."

भार्गवनं कपाळावर हात मारला आणि घराकडच्या, तात्यापाऱ्याच्या गर्दीत गाडी घातली.

घरी सुशीलावन्सं दारातच उभ्या होत्या. सुनीतीच्या नवऱ्याची, कैलासवासी श्यामकांतांची, थोरली बहीण. लवकर विधवा होऊन माहेरी आल्या त्या इथल्याच झाल्या. घरातलं सोवळं-ओवळं त्यांच्या ताब्यात होतं, आणि तो कारभार त्या कडकपणे चालवत.

"काय म्हणाला डॉक्टर?"

"वॉर्डात राहा म्हणाला. मी नाही म्हणाले."

"शाब्बास," वन्सं म्हणाल्या. "देव सोडून मशीनजवळ झोपायला काय जायचं? दवाखान्याचं लचांड आधीच घरात आलं आहे तेवढं पुरे."

त्या लचांडाची सोय दोघींनी मिळून लावली होती. पहिल्यांदा फुगा घरी आला तेव्हाच वन्संनी सांगून टाकलं होतं, "दवाखान्यातलं ओवळं अंगाला चिकटवून देवापुढे बसायचं नाही. सुई आत गेली आहे, तिला इलाज नाही. बाकीच्याला आहे." रेशमाला विटाळ नाही, हे तर सगळ्यांनाच माहीत. म्हणून सुनीतीनं श्यामकांतांच्या जुन्या मुकट्याची, ते पूजेला नेसत त्या रेशमी धोतराची, एक पिशवी शिवली. दुहेरी, आतून कापूस भरून. त्या पिशवीत बाटली जायची, आणि नळीच्या टोकाजवळचं टणक बटनही. इस्पितळात रुचिता ते बटन पट्टीनं छातीला चिकटवायची. घरी आल्यावर सुनीती पट्टी हलकेच सोडवायची, बटन पिशवीत घालायची आणि पिशवी लुगड्यावरून कंबरेला बांधायची. ओवळं ते सगळं रेशमात बंद. पूजा, नैवेद्य, झोप, सगळं तसंच. इस्पितळात जायच्या दिवशी पिशवी देवघरातल्या खुंटीला राहायची, कारण दवाखान्याच्या हवेत रेशीम नेणं वन्संना पटत नव्हतं. मग बटन पुन्हा पट्टीनं छातीला. त्यामुळे रुचिताच्या नजरेला ती पिशवी कधी पडलीच नव्हती.

दोन आठवड्यांनी, पौषातल्या थंडीत, शेवटच्या संधीचा फुगा जोडला गेला.

"मावशी, हे दिवसरात्र अंगावरच ठेवता न?" रुचितानं पट्टी दाबत विचारलं.

"अंगावरच गं. खाली ठेवतच नाही."

घरी आल्यावर बटन पिशवीत, पिशवी कंबरेला. दुपार गेली. दिवेलागणीला सुनीतीनं पिशवीची नाडी सोडून आत डोकावलं. बाटलीवर आखलेल्या रेघांवरून फुगा किती उतरला ते कळायचं. तो उतरायला हवा होता त्याच्या बराच मागे होता. नाडी पुन्हा बांधून ती देवघरापुढे सांजवात लावायला गेली. वॉर्डातली ती पांढरी चादर, ते हिरवे आकडे, आणि इकडे देवघरात न वाहिलेली टोपली. सगळं दिसलं तिला.

तेवढ्यात रुचिताचा फोन आला. घरी फुगा नेलेल्यांना ती संध्याकाळी विचारपूस करायची.

"मावशी, किती उतरला?"

"थोडासाच गं. मागं पडून राह्यला."

"बटन अंगावरच आहे न?"

"अंगावरच आहे. कंबरेला."

"कंबरेला काहून? मी तर छातीला लावलं होतं."

"पिशवीत आहे. कंबरेला बांधली आहे."

"कोणती पिशवी?"

सुनीतीनं सांगितलं. मुकटा, कापूस, रेशमाला विटाळ नाही, सगळं. फोनमध्ये मागून वॉर्डातली टीं टीं ऐकू येत होती.

"अव मावशी!" रुचिता म्हणाली. "मी अंगावर म्हणजे चामडीवर म्हणून राह्यली होती!"

"अंगावर म्हणजे अंगावर. लुगडं अंगावर असते, दागिना अंगावर असते. पिशवी काय जमिनीवर आहे?"

रुचिता हसली, आणि मग गंभीर झाली. "ऐका. त्या बटनात केसासारखं बारीक भोक आहे. औषध तिथून जाते. तुमच्या खोबरेलाचं थंडीत काय होते?"

"गोठते."

"औषध गोठत नाही, पण जाड होते, हळू सरकते. ते बटन बनवलंच आहे चामडीच्या गर्मीवर चालायला. दिवाळीपर्यंत हवाच गरम होती, म्हणून पिशवीतही निभावलं. आता घरात गारठा, त्यात तुम्ही त्याले रेशीम आणि कापूस लावून तुमच्यापासूनच तोडून ठेवलं."

"मग मशीनला थंडी लागत नाही का?"

"तिच्यात मोटर आहे मावशी. ती ढकलतेच, गारठा असो का उन्हाळा. फुग्यात मोटर नाही. त्याले तुमची ऊब लागते."

सुनीतीनं फोन ठेवला. आपण इतके दिवस जे ओवळं म्हणून दूर बांधून ठेवलं, ते आपल्याच अंगाच्या उबेवर चालणार होतं. दुसरं काहीच त्याला नको होतं. तिनं पिशवी सोडली, बटन बाहेर काढलं, कोरडं पुसलं आणि भार्गवला हाक मारली.

"बाबा, पट्टी लाव. चामडीला. नीट, हवा राहायला नको."

भार्गवनं पट्टी लावली आणि पाच मिनिटं कारखान्याच्या भाषेत स्वतःशीच बडबडला. चूक कुठे होती ते कळल्यावर त्याचा जीव थाऱ्यावर आला होता. "टेम्परेचर!" तो म्हणाला. "आई, ये तो टेम्परेचर का मामला था."

"हव," सुनीती म्हणाली. "आता उद्याचं पाहू."

उद्याचं म्हणजे वन्संचं.

सकाळी छातीवर पाणी न घेता आंघोळ करून, सोवळ्याचं लुगडं नेसून सुनीती देवघरात आली तेव्हा वन्संची नजर आधी कंबरेकडे गेली. मग खुंटीकडे. पिशवी तिथे लोंबत होती.

"बाटली कुठे आहे?"

"इथे. पदराखाली. बटन छातीला लावलं आहे."

"काढ."

"नाही वन्सं. काढलं तर औषध थांबते."

वन्संनी जपमाळ खाली ठेवली. "सुनीती, तुला सगळं सांगून झालं आहे. दवाखान्याची पट्टी, कोणाकोणाच्या हातातली, ती अंगाला चिकटवून तू पिंडीला हात लावणार? लाखोली कशाला म्हणतात माहीत आहे न? सोवळं मोडलं तर वाहिलेलं पोचत नाही."

भार्गव दारातून म्हणाला, "आई, पूजेपुरतं काढून ठेव ना. दोन घंटे से क्या होगा? नंतर लावून देतो. आत्याचंही राहील, तुझंही राहील."

मार्ग सोपा होता. सुनीतीनंही रात्री त्यावर विचार केला होता, आणि विचार करता करता तिला एक गोष्ट इतकी लख्ख दिसली होती की आता ती डोळ्यांपुढून जात नव्हती.

"वन्सं," ती म्हणाली. तिचा आवाज वाढला नाही, उलट आणखी खाली गेला. त्यामुळे भार्गवला दारातून एक पाऊल आत यावं लागलं. "हे औषध माझ्या रक्तात चाललं आहे. पानं खुडताना चाललं आहे, आता तुमच्याशी बोलून राह्यले तर चाललं आहे. ते ओवळं असेल तर मी आतून-बाहेरून, नखापासून केसापर्यंत ओवळी झाले. मग दोन तास बटन काढून काय होते? रक्त काढून ठेवू का पाटावर?"

"भलतं बोलू नको."

"भलतं नाही. तुम्ही म्हणाल्या सुईला इलाज नाही. देव सुई चालवून घेते आणि बटन चालवून घेत नाही, असा हिशेब त्यानं कधी मांडला? ते आपण दोघींनी मांडलं. पिशवी मीच शिवली, मीच बांधली. माझ्या नवऱ्याच्या मुकट्याची होती म्हणून मला गोडही वाटली. आणि त्या गोडीत दोनदा औषध अडलं."

"मग राहा वॉर्डात! निदान घर तरी शुद्ध राहील!"

ते तोंडातून गेलं आणि वन्संनी स्वतःच तोंडाला पदर लावला.

सुनीतीनं पाट सरकवला. त्यावर बसली. पदराखालची बाटली मांडीवर नीट ठेवली आणि वरून धाबळी घेतली, लोकरीची, सोवळ्यातली. टोपलीवरचं ओलं फडकं बाजूला केलं.

"डॉक्टरला नाही म्हणाले मी," ती वन्संकडे न पाहता म्हणाली, "या देवासाठी. आता तुम्हालाही नाही म्हणते. त्याच्याचसाठी. मला उठवायचं असेल तर त्यानं उठवावं."

आणि तिनं पहिलं पान पिंडीवर ठेवलं.

वन्संनी खाली ठेवलेली जपमाळ उचलली. मग म्हणाल्या, "त्या हातचा नैवेद्य मी घेणार नाही." आणि आपल्या खोलीत गेल्या. तिथल्या कडीचा आवाज आला. सुनीतीच्या डोळ्यांत पाणी होतं, पण नाव घेणं थांबलं नाही. टोपली रिकामी होईतो ती उठली नाही. त्या दिवशी वन्सं केळ्यावर राहिल्या. सुनीतीनं नैवेद्याचं ताट त्यांच्या दाराशी नेऊन ठेवलं, आणि ते तसंच परत आणलं.

फुगा मात्र उतरत होता. ती दर थोड्या वेळानं पदर बाजूला करून बघायची, आणि प्रत्येक वेळी तो तिला आदल्यापेक्षा बारीक दिसायचा. भार्गवनं मोबाइलवर फोटो काढून ठेवायला सुरुवात केली. त्याचंही समाधान झालं. गेज नव्हतं तर त्यानं स्वतःच गेज बनवलं.

काढायच्या दिवशी रुचितानं बाटली खिडकीशी धरली. रबर मधल्या दांडीला ओल्या कपड्यासारखं चिकटून बसलं होतं. आत काही नव्हतं.

"पूर्ण उतरला," ती म्हणाली.

डॉक्टर निरंजन यांना तोवर सगळं कळलं होतं. ते हसले नाहीत, ही त्यांची चांगली गोष्ट. "सुनीतीताई, मी एक बोलू? मशीन असती तर तिनं थंडीची पर्वाच केली नसती. आणि काही अडलं असतं तर लगेच कळवलं असतं. फुग्यानं दोनदा आपल्याला फसवलं."

"फुग्यानं नाही. मी त्याला थंडीत ठेवलं, तो बिचारा काय करेल? आणि मशीन चांगली आहे, मी वाईट म्हणतच नाही. तुमची ती घरी न्यायची लहान मशीन आली की मला दाखवा. पाहीन. आवडली तर घेईन. वाजली तर वाजू देईन देवापुढे, तशीही घंटा वाजतेच."

"आणि तोवर?"

"तोवर फुगा. चामडीला लावून. वॉर्डात मी येणार नाही."

"पुन्हा मागं पडला तर?"

"तर मी पाहीन ते, आणि त्याच दिवशी फोन करीन. तिसऱ्या दिवसाची वाट पाहणार नाही. पण ठरवायचं मला विचारून. मी दवाखान्यात राहायचं की घरात, हे माझ्या पाठीमागे ठरवायचं नाही." तिनं भार्गवकडेही एकदा पाहिलं.

डॉक्टरांनी रुचिताकडे बघून मान हलवली. "रोज संध्याकाळी फोटो मागव यांच्याकडून. पुढच्या वेळी फुगाच."

खाली पोर्चमध्ये भार्गव गाडी आणायला गेला. सुनीतीनं फोन काढला आणि घरी लावला. बऱ्याच वेळानं वन्संनी उचलला.

"वन्सं, फुगा वेळेवर उतरला. आम्ही निघून राह्यलो."

"हूं."

"सकाळी निघायची घाई होती, नैवेद्य नुसत्या दुधाचा झाला. आता येऊन वरणभात करते. मीच करीन."

मग वन्सं म्हणाल्या, "मी जेवणार नाही. सांगितलं आहे तुला."

"पुढच्या वेळीही बटन छातीलाच राहील वन्सं. त्याच्यानंतरही."

"मग मीही उपाशी राहीन."

"हव," सुनीती म्हणाली. "मग तांदूळ कमी टाकते."